पहिल्या नंबरचा मान

१७ जून, मंगळवार

सीईटीचा निकाल. ऋतूला मस्त मार्क. मस्त म्हणजे पुण्याच्या सरकारी कॉलेजच्या दारापर्यंत नक्की नेतील, आत घेतील का ते देव जाणे. तरी भाची कुणाची? काउंटरवर उभ्या असलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना पेढे वाटले. एकजण म्हणाला, "बाई, पेढा गोड हाय, पण माझं तिकीट वेटिंगच हाय की." त्याला म्हटलं, पेढा कन्फर्म मिळाला ना, गप खा.

गावाहून संभाचा फोन. धाकटा भाऊ माझा, ऋतूचा बाप. तो ओरडत होता आणि मागं त्याच्या म्हशी. "आक्का, आता फुडचं तू बघ. मला त्यातलं काय कळत न्हाय." म्हटलं, बघते की. एवढी वर्षं शाहूपुरीत रेल्वे तिकिटांचं दुकान टाकून लोकांना दिवाळीच्या गर्दीत बर्थ मिळवून देतेय, एका पोरीला इंजिनिअरिंगची सीट मिळवून द्यायला काय लागतंय?

२२ जून, रविवार

ऋतू बॅग घेऊन आली. ॲडमिशन होईपर्यंत माझ्याकडंच. राणीनं (वहिनी) बरोबर तुपाचा डबा आणि निरोप दिलाय: पोरीला कॉलेज मिळेपर्यंत जेवायला विसरू नका दोघी. आम्ही? विसरू? 

दुपारी कामाला लागलो. फॉर्मचा प्रकार असा की कॉलेजं नि शाखा आपल्या पसंतीनं ओळीनं लावायच्या, नंबर टाकून. पाहिजे तेवढ्या. मग कॉम्प्युटर वरनं खाली बघत येतो, जिथं आपल्या मार्कांत सीट बसते तिथं थांबतो. एवढंच. लोक उगाच बाऊ करतात.

मी वहीत तीन खाने केले. वे., आर., क. वेटिंग म्हणजे मिळालं तर नशीब: पुण्याची. आरएसी म्हणजे बसायला तरी मिळणारच, झोपायचं नंतर बघू: सांगली, कऱ्हाड. कन्फर्म म्हणजे डोळे झाकून: आपलं गावातल्या घराजवळचं. तिन्हीतलं थोडं थोडं पाहिजे. नुसत्या वेटिंगवर निघालेला माणूस फलाटावरच राहतो, आणि नुसतं कन्फर्म बघणारा मिरजेच्या पुढं जात नाही. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते.

ऋतू म्हणाली, "आत्या, कॉलेजला साईड लोअर असतो का?"

म्हटलं, असतो. घरनं डबा घेऊन रोज यष्टीनं जायचं, तो साईड लोअर.

लई हसली.

२९ जून, रविवार

मागच्या वर्षीचे कटऑफ काढले. सगळी घरभर कागदं. जेवायला बसायला जागा नाही म्हणून आमचे हे बाहेर जाऊन मिसळ खाऊन आले आणि वर मलाच म्हणतात, "तुमचं हे असंच चालू दे." बरं झालं तुमचं.

यादी तयार. वरपासून खालपर्यंत शाखा एकच, कॉम्प्युटर, फक्त कॉलेजं बदलत जातात. खरं सांगते, इतकी सुबक यादी मी स्वतःच्या लग्नात केली नव्हती. ऋतूला दाखवली. "छान आहे," म्हणाली. छान! एवढंच. आजकालच्या पोरांना कशाचं कौतुक म्हणून नाही.

३ जुलै, गुरुवार

दुकानातला प्रिंटर अडकला. दुरुस्तीवाला म्हणाला सोमवारी येतो. म्हणजे गुरुवारी. अडकलेला कागद मी ओढत होते तर ऋतूनं थांबवलं, "आत्या, मोडशील," म्हणाली, आणि स्क्रू ड्रायव्हर मागितला. मी नको नको म्हणेपर्यंत झाकण काढून बाजूला. आत डोकं घालून बसली. दोन गिऱ्हाइकं तिकिटं सोडून तिच्याकडंच बघत उभी. गावातल्या दूध संस्थेचा कूलर बंद पडला तेव्हाही मेस्त्रीच्या आधी हीच आत शिरली होती म्हणे, सगळं दूध वाचलं. मला हे आजवर कुणी सांगितलं नाही. संभाला मुलगी कूलरमध्ये शिरली याची लाज वाटली असणार!

डोकं आतच ठेवून म्हणाली, "मला मेकॅनिकल पाहिजे."

"काय?"

"तू गाडी विचारलीस, बर्थ विचारलास. कुठल्या गावाला जायचंय ते विचारलंच न्हाईस."

प्रिंटर चालू झाला.  गिऱ्हाईक काउंटरवर आलं की पहिला प्रश्न कुठं जायचंय, हा माझ्या तोंडात बसलेला. आणि घरच्या पोरीला एवढे दिवस नाही विचारला. राग आला, माझाच.

५ जुलै, शनिवार

जुनी यादी फाडली. नवी केली, या वेळी ऋतू सांगत होती आणि मी लिहीत होते. पुणे मेकॅ. — वे. पुण्याचंच दुसरं, तेही वे. सांगली मेकॅ. — आर. कऱ्हाड मेकॅ. — आर. घराजवळचं मेकॅ. — क. त्याच कॉलेजचं कॉम्प्युटर — क., सगळ्यात खाली, नुसतं असावं म्हणून. तिला सांगली का आवडतं तर तिथलं वर्कशॉप तिनं मैत्रिणीच्या भावाच्या फोनवर बघितलंय. वर्कशॉप बघून कुणी कॉलेज आवडून घेतं का? घेतं वाटतं.

संभाला अजून सांगितलं नाही. तोंडावर सांगेन. फोनवर म्हशी मध्ये बोलतात.

१० जुलै, गुरुवार. गुरुपौर्णिमा

सगळे वाडीला. आण्णांची (आमचे वडील) दत्ताची पौर्णिमा चुकत नाही, ऐंशीला टेकले तरी. नदीचं पाणी पायऱ्यांवर चढलंय, पादुकांचं लांबूनच दर्शन.

परतीच्या वाटेवर उसाच्या रसाला थांबलो तर संभानं बॉम्ब टाकला. घराजवळच्या कॉलेजच्या चेअरमन साहेबांना शब्द दिलाय. दूध संस्थेच्या सभेत, माईक हातात घेऊन, भर लोकांत: "माझ्या पोरीच्या फॉर्मावर पयला नंबर तुमच्याच कॉलेजचा. कॉम्प्युटर." टाळ्या पडल्या म्हणे. शब्द देताना हा एवढा खूश की विचारू नका. साहेबांनी तिथंच पाठीवर थाप मारली.

ऋतूनं रसाचा ग्लास खाली ठेवला. मी तोंड उघडणार एवढ्यात आण्णा म्हणाले, "बरोबर हाय की. पयला मान गावचा." आमच्या घरात हे असंच. म्हैस व्याली की पहिला चीक देवाला, लग्नाची पहिली पत्रिका वाडीला, गुऱ्हाळाचा पहिला गूळ शेजारी. पहिलं ते मानाचं. आपल्याला दुसऱ्यापासनं.

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, चालेल की! माझा हिशेब असा: कन्फर्म आधी हातात धरायचं, मग निवांत पुण्याचं बघायचं. गाडीचं आम्ही असंच करतो. एक तिकीट खिशात, मग दुसऱ्यासाठी धडपड. फेऱ्या तीन-चार असतात, पहिल्या फेरीत साहेबांचा मान, पुढच्या फेऱ्या आमच्या. संभा खूश, आण्णा खूश, मी स्वतःवर खूश.

मेकॅनिकलचं मात्र सांगितलं तिथंच. संभा म्हणाला, "पोरीनं कशाला तसलं तेलकट?" राणी एकदम म्हणाली, "रोज शेण काढते मी, ते काय अत्तर हाय?" त्यानं उरलेला रस एका घोटात संपवला.

ऋतू गाडीत हळूच: "आत्या, नक्की ना?" म्हटलं, तू बिनघोर राहा.

१९ जुलै, शनिवार

बाई बाई बाई.

आज एक पावणं आले, जयसिंगपूरकडचे, पोराच्या नागपूरच्या तिकिटासाठी. बोलता बोलता कळलं, पोरगं इंजिनिअरिंगलाच, एक वर्ष झालं. मी माझी यादी सांगायला सुरुवात केली, फुशारकीच म्हणा. पहिल्या नंबरला गावचं, मानाचं, मग पुणं. ते पावणं उभे होते ते स्टुलावर बसले.

"ताई, तसलं करू नका. पयल्या नंबरचं मिळालं की दार बंद. आपोआप. फुडच्या फेऱ्या न्हाईत. न्हाय म्हटलं तर सगळ्यातनंच बाहेर."

मी म्हटलं असं कसं? "तुम्हीच म्हणालात न्हवं, पयली पसंती? मग पसंत पडलेलं मिळालं की झालं. सरकार काय म्हणणार, आता आणि कशाला फिरताय?"

माहिती पुस्तिका काढली. आहे. स्पष्ट, ठळक अक्षरात आहे. मी ते पान वाचलेलं होतं. वाचलेलं, आणि माझ्या मनानंच त्याचं तिकीट करून टाकलेलं. इथं कॉम्प्युटर वरनं खाली येतो नि मिळालं की थांबतो हे मीच तर ऋतूला पहिल्या दिवशी समजावलं होतं! वर कन्फर्म ठेवलं तर खाली येणारच कशाला तो?

ऋतूला सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. पण तू बिनघोर राहा म्हणालीस." हे ऐकून जास्त लागलं. पावण्यांना चहा पाजला आणि नागपूरचा लोअर बर्थ काढून दिला.

२० जुलै, रविवार

गावाला गेले. गोठ्यातच गाठला संभाला. पुस्तिका दाखवली, पान दाखवलं, दोनदा समजावलं. त्याला कळलं. कळतंय त्याला सगळं. पण म्हणतो, "मी माईकवर बोललोय आक्का. शंभर माणसं होती. उद्या संस्थेत दूध घालाय कुठल्या तोंडानं जाऊ?"

"आणि पोरीनं कुठल्या तोंडानं चार वर्षं कॉम्प्युटर करायचं?"

"कॉम्प्युटर वाईट हाय व्हय?"

वाईट नाही. कॉलेजही वाईट नाही, साहेबही माणूस भला. तेच तर अवघड आहे. वाईट असतं तर भांडता आलं असतं. तरी भांडलोच, कडाक्याचं. मी म्हटलं, तू शब्द दिलास तो तुझा होता का द्यायला? तो म्हणाला, तूच म्हणालीस चालेल की! खरं होतं, म्हणून माझा आवाज आणखी चढला. न जेवता उठून आले. राणीनं भाकरी बांधून दिली वाटेत खायला, तेवढ्यात.

२४ जुलै, गुरुवार

फॉर्म भरायला सुरुवात झाली. ओटीपी संभाच्या मोबाईलवर जातो, फॉर्मला त्याचाच नंबर दिलाय. म्हणजे किल्ली त्याच्याकडं. तो फोन उचलत नाही. वाडीकडं पाणी वाढतंय, म्हशी वरच्या गोठ्यात हलवतोय, असं राणी म्हणाली. खरंही असेल.

ऋतू आज दिवसभर काउंटरवर बसून होती. संध्याकाळी म्हणाली, "आत्या, टाकूया पप्पांचं वर. त्यांचं नाक जायला नको." मी तिला म्हटलं, तुझ्या बापाचं नाक चांगलं दणकट आहे, लहानपणी दोनदा मीच आपटलंय. हसली नाही. पोरगी इतकी शहाणी असू नये. शहाण्या पोरींकडनंच आपण सगळं काढून घेतो.

मी हे होऊ देणार नाही. बास.

२६ जुलै, शनिवार

मीच गेले परत. रस्त्यावर पाणी अजून आलेलं नाही. ऋतू बरोबर. सोप्यात बसवलं सगळ्यांना: संभा, राणी, आण्णा. मी ठरवून गेले होते, आज ओरडायचं नाही. पाचव्या मिनिटाला ओरडत होते.

संभा आपला एकच धरून: मान. पयला मान. आण्णांकडं बघून, "तुमीच सांगा की आण्णा, तुमीच म्हणाला पयला मान गावचा."

आण्णा अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. थांबले. ऋतूला विचारलं, "पोरी, तुला तिथं जायचं न्हाई?"

तिनं मान हलवली. नाही. डोळे भरलेले. मी पहिल्यांदाच बघितलं, महिनाभरात.

आण्णा संभाला म्हणाले, "आरं, मानाला नारळ देत्यात. पोरगी देत्यात व्हय?"

 गोठ्यात एक म्हैस हंबरली, नेहमीप्रमाणं.

मग आण्णाच पुन्हा: "देवाला पयला चीक देतो आपण. म्हैस देतो का? उद्या नारळ आणि टॉवेल घिऊन जा सायबांकडं. तुझ्या तोंडानं सांग. म्हातारा येतो संगट, पायजे तर."

संभा उठून गोठ्यात गेला. राणीनं चहा टाकला. बऱ्याच वेळानं आला तेव्हा हात धुतलेले होते आणि तोंडही. माझ्याकडं न बघता म्हणाला, "नारळ घरात हाय का बघ गं." एवढंच. माझा भाऊ आहे तो. मला तेव्हा त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण आम्हाला तशी सवय नाही. म्हटलं, दोन घे, एक नासका निघाला तर.

२७ जुलै, रविवार

दुपारी संभाचा फोन. आवाज एकदम मोकळा.

गेलते दोघं. आण्णा मोटारसायकलवर मागं, टॉवेल मांडीवर. साहेब अंगणातच बसलेले. संभानं नारळ दिला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं: माईकवर बोललो, चुकलं, पोरीला दुसरं पाहिजे.

मी: मग? चिडले?

"चिडत्यात कशानं! नारळ घेतला, कपाळाला लावला. म्हणाले, संभाजीराव, पयला नंबर न्हाय तर न्हाय, शेवटचा तरी आमचाच ठिवा की! कुठंच लागलं न्हाय तर पोरीला लांब कशाला पाठवताय, आपलं हायच."

म्हणजे बघा. माझ्या वहीत क. लिहून मी जे खाली ठेवलं होतं, तेच साहेबांनी स्वतःहून मागून घेतलं. मी संभाला विचारलं, मग संस्थेत काय सांगणार? म्हणतो, "सांगतो की. माईक मागून घेतो." या माणसाला माईकपासून लांब ठेवायला पाहिजे.

मग माझ्याकडून, थोडं खाकरून: आणि मी पण चुकले रे, चालेल म्हणाले ते. तो म्हणाला, "व्हय. चुकलीसच." आणि हसला, मेला.

२८ जुलै, सोमवार

संभा स्वतः दुकानात आला. ओटीपी फोनवर सांगता आला असता, तरी आला. इस्त्रीचा शर्ट. फॉर्म भरताना ऋतू काउंटरच्या आतल्या खुर्चीवर, मी बाजूला स्टुलावर, संभा समोर गिऱ्हाइकासारखा उभा. बस म्हटलं तर बसेना.

१ पुणे मेकॅ. २ पुणे दुसरं, मेकॅ. ३ सांगली मेकॅ. ४ कऱ्हाड मेकॅ. मग मधली दोन-तीन, इचलकरंजीचंही एक, राणीच्या माहेराजवळ, तिच्या समाधानासाठी नाही तर खरंच बरं आहे म्हणून. सगळ्यात शेवटी साहेबांचं. मेकॅ. आधी, कॉम्प्युटर त्याच्याखाली.

संभानं स्क्रीनवर वाकून बघितलं. "सांगली तीन नंबरला? ते तुला आवडतं न्हवं? मग पयलं का न्हाय?" बघा, आता हा यादीतला तज्ज्ञ. ऋतूनं त्याला समजावलं, न थकता: वर ठेवलेलं नाही मिळालं तरी खालच्याचं काही जात नाही पप्पा, पण वरचं कधी मागितलंच नाही तर ते मिळणार कसं. संभा म्हणाला, "आसं व्हय." मग पुन्हा एकदा म्हणाला, "आसं व्हय."

ओटीपी आला. त्यानं वाचून दाखवला, एकेक आकडा, सभेत बोलतोय अशा आवाजात. कन्फर्म. लॉक. प्रिंट काढली. प्रिंटर चाललाच, चालणारच.

जाताना माझ्याकडं बघून, "दोन तिकिटं काढून ठिव. पुण्याचं. लागंल न लागंल, बघून तर येऊ मी आन पोरगी." 

३१ जुलै, गुरुवार

सकाळपासनं साईट गोल गोल फिरतेय. मला सवय आहे, तत्काळच्या वेळी रोज हेच. ऋतूला नाही. नखं खाऊन संपली. संभाचे फोन. पहिले काही मी उचलले, मग ठेवून दिला उलटा.

दुपारी उघडलं.

सांगली. मेकॅनिकल. नंबर तीन.

मी किंचाळले, खरंच किंचाळले. समोरचं गिऱ्हाईक दचकून म्हणालं, काय झालं, कॅन्सल? म्हटलं, नाही हो, आरएसी लागली! ऋतूनं दोन्ही हात तोंडावर धरले होते आणि हातांच्या मागं हसत होती का रडत होती ते कळेना. दोन्ही असेल.

आता प्रश्न. नंबर तीनला लागलंय, म्हणजे दार बंद नाही. हे घ्यायचं आणि थांबायचं, नाहीतर हे हातात धरून पुढच्या फेरीत पुण्याची वाट बघायची. पण पुढं लागलं की हे सुटतं. स्क्रीनवर दोन बटणं. पुण्याचं थोडक्यात हुकलंय, मी कटऑफ बघितला. पुढच्या फेरीत लागेल, माझं मन सांगतंय, आणि माझं मन किती वेळा बरोबर निघालं ते या वहीतच लिहिलंय. हात माऊसवर होता माझा. लागेल ग ऋतू, पुणं लागेल, असं अगदी ओठावर.

माऊस तिच्याकडं सरकवला. "कुठं जायचंय?"

तिनं स्क्रीन बघितली. मग बाहेर बघितलं, रिक्षावाले, चहाची टपरी, सगळं नेहमीचंच. म्हणाली, "आधी चहा सांग. मग ठरवते. मुदत हाय की अजून."

चहा सांगितला. मलाही.

फोन परत वाजला. सरळ केला. संभा. मागं म्हशी, आण्णांचा खोकला, राणीचा आवाज, सगळं घर फोनमध्ये. "आक्का, लागलं म्हणं सांगली! मग? काय ठरलं?"

म्हटलं, अजून नाही ठरलं. गप बसा सगळे. पोरगी चहा पितेय.